विमानांवरील बर्फसंचय

उड्डाण करीत असलेल्या विमानाच्या पृष्ठभागावर ढगातील अतिशीतित पाण्याचे थेंब आदळून गोठल्यामुळे बर्फाचा जो थर तयार होतो, त्यास विमानावरील बर्फसंचय असे म्हणतात. वैमानिकांच्या बोलण्यात यासाठी 'आयसिंग' हा शब्द रूढ आहे. या थरामुळे पंखांचा आकार बदलतो, विमानाला वर धरून ठेवणारे बल घटते आणि हवेचा रोध वाढतो. वेग व उंची दाखविणारी उपकरणेही काही वेळा बंद पडतात. बर्फसंचय हा थंड प्रदेशांचा प्रश्न आहे, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात महाराष्ट्रासारख्या उष्ण प्रदेशातही जमिनीपासून पाच किलोमीटर उंचीवर वर्षभर त्यास अनुकूल तापमान असते. फरक असतो तो बर्फसंचय होणाऱ्या पट्ट्याच्या उंचीत, ढगांच्या प्रकारात आणि संकटातून बाहेर पडण्याच्या मार्गांत.

अतिशीतित पाणी

पाणी ० अंश सेल्सिअसला गोठते, हे विधान तळ्यातील किंवा भांड्यातील पाण्यास लागू पडते. ढगातील सूक्ष्म थेंबांच्या बाबतीत ते पुरेसे नाही. थेंब गोठण्यास प्रारंभ होण्यासाठी त्यात बर्फाचे बीज ठरेल असा एखादा योग्य सूक्ष्मकण असावा लागतो, आणि असे कण हवेत फार विरळ असतात. त्यामुळे तापमान शून्याखाली गेले तरी असंख्य थेंब द्रवरूपातच राहतात. अशा पाण्यास अतिशीतित पाणी म्हणतात. उणे ३८ ते उणे ४० अंशांच्या सुमारास मात्र सूक्ष्मकणाच्या साहाय्यावाचूनही थेंब गोठतात.

अतिशीतित थेंबाची अवस्था अस्थिर असते. विमानाच्या पंखाचा धक्का लागताच तो गोठू लागतो. गोठताना पाणी दर ग्रॅमला सुमारे ८० कॅलरी सुप्त उष्णता बाहेर टाकते आणि या उष्णतेने थेंबाचा उरलेला भाग शून्य अंशापर्यंत तापतो. म्हणून एक अंश अतिशीतनामागे थेंबाचा साधारण १/८० भाग तत्काळ गोठतो. उणे ८ अंशांच्या थेंबाचा दहावा भाग लगेच गोठतो, तर उणे २० अंशांच्या थेंबाचा चौथा भाग. उरलेले पाणी पृष्ठभागावरून मागे वाहते आणि वाहता वाहता गोठते. बर्फसंचयाचे निरनिराळे प्रकार या एका हिशेबातून बऱ्याच अंशी स्पष्ट होतात.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट लक्षात येते. बर्फसंचयासाठी नुसती थंडी पुरेशी नसते. थंडी आणि द्रवरूप पाणी या दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी असाव्या लागतात. उणे ५० अंशांच्या निरभ्र हवेत पंखांवर बर्फ साचत नाही, परंतु उणे ५ अंशांच्या ओल्या ढगात तो काही मिनिटांत साचू शकतो.

गारांशी असलेले नाते

विदर्भ आणि मराठवाड्यातील शेतकऱ्यांना बर्फसंचयाचा पुरावा जमिनीवरच पाहावयास मिळतो, तो गारांच्या रूपाने. फेब्रुवारी २०१४ च्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रात झालेल्या गारपिटीने रब्बी पिकांची व फळबागांची मोठी हानी केली. गार ज्या प्रक्रियेने वाढते तीच प्रक्रिया विमानाच्या पंखावर घडते. ढगातील बर्फाच्या एखाद्या कणावर अतिशीतित थेंब आदळत राहतात व गोठत राहतात, आणि जोरदार ऊर्ध्व प्रवाह त्या वाढत्या गोळ्यास वर तोलून धरतो.

मोठी गार मधोमध कापल्यास तिच्यात अनेकदा पांढरे आणि पारदर्शक असे एकाआड एक थर दिसतात. थेंब तत्काळ गोठले तर त्यांच्यामध्ये हवा अडकते आणि थर पांढरा दिसतो. पाणी सावकाश पसरत गोठले तर हवेला निसटण्यास वाव मिळतो आणि थर काचेसारखा होतो. विमानावरील बर्फाचे दोन मुख्य प्रकार हेच आहेत. ज्या ढगातून गारा पडतात त्या ढगात काही काळापूर्वी अतिशीतित पाण्याचा मोठा साठा होता, असे गारपिटीवरून निश्चितपणे सांगता येते.

प्रकार

पांढरा भुरभुरीत बर्फ : लहान थेंब आणि अधिक थंड हवा, साधारणपणे उणे १५ अंशांखालील, असताना हा बर्फ तयार होतो. तो पंखाच्या पुढच्या कडेवर साचतो, खरबरीत असतो आणि डोळ्यांना सहज दिसतो. बर्फ काढणाऱ्या यंत्रणेने तो तुलनेने लवकर सुटतो.

पारदर्शक बर्फ : मोठे थेंब आणि ० ते उणे १० अंशांपर्यंतचे तापमान असताना हा बर्फ तयार होतो. पाणी मागे वाहत जाऊन गोठत असल्याने तो पंखाचा बराच भाग व्यापतो. तो जड, कठीण आणि घट्ट चिकटणारा असतो, शिवाय सहजी दिसत नाही. काही वेळा पुढच्या कडेवर त्याची दोन शिंगांसारखी वाढ होते. ती हवेच्या प्रवाहास विशेष बाधक ठरते.

मिश्र बर्फ : वरील दोन प्रकारांच्या मधल्या परिस्थितीत दोन्हींचे गुणधर्म असलेला बर्फ साचतो.

मोठ्या थेंबांचा बर्फ : ५० मायक्रोमीटरपेक्षा अधिक व्यासाच्या अतिशीतित थेंबांना मोठे थेंब मानतात. गोठणारी झिमझिम आणि गोठणारा पाऊस यांचा समावेश त्यात होतो. हे थेंब पंखाच्या पुढच्या कडेच्या बरेच मागे, जेथे संरक्षक यंत्रणा नसते तेथे, गोठतात. म्हणून ते सर्वाधिक धोकादायक समजले जातात.

विमानावर होणारे परिणाम

बर्फाचे वजन हा या धोक्याचा लहान भाग आहे. मुख्य हानी होते ती पंखाचा आकार बिघडल्यामुळे. जाड सँडपेपरइतका खरबरीत आणि पातळ थरही उत्थापक बल ३० टक्क्यांपर्यंत घटवू शकतो आणि रोध ४० टक्क्यांपर्यंत वाढवू शकतो. ज्या वेगाच्या खाली पंख विमानाला पेलू शकत नाही तो किमान वेग बर्फामुळे वाढतो. त्यामुळे एरवी सुरक्षित असलेला वेग अपुरा ठरतो, आणि धोक्याची सूचना देणारी यंत्रणा बोलण्यापूर्वीच विमान कोसळू लागण्याची शक्यता निर्माण होते.

स्वयंचलित उड्डाणयंत्रणेमुळे हा धोका काही वेळ झाकला जातो. बर्फ साचत असताना ती यंत्रणा उंची कायम राखण्यासाठी विमानाचे नाक हळूहळू वर उचलत राहते आणि वेग कमी होत जातो. तिची मर्यादा संपून ती अचानक सुटते, तेव्हा वैमानिकाच्या हाती आधीच अस्थिर झालेले विमान येते. म्हणून तीव्र बर्फसंचयात ही यंत्रणा बंद करून विमान हाताने चालवावे, अशी सूचना अनेक विमानांच्या नियमपुस्तिकांत असते.

वेग मोजणाऱ्या पिटो नळीचे तोंड बर्फाने बंद झाल्यास वेगाचे आकडे चुकीचे दिसू लागतात. इंजिनाच्या तोंडाशी साचलेला बर्फ सुटून आत गेल्यास त्याच्या पात्यांना इजा होऊ शकते.

महाराष्ट्राच्या आकाशातील परिस्थिती

वातावरणात जसजसे वर जावे तसतसे तापमान सरासरीने दर किलोमीटरला सुमारे ६.५ अंशांनी घटते. ज्या उंचीवर ते शून्य होते तिला गोठणपातळी म्हणतात. महाराष्ट्रावर ही पातळी हिवाळ्यात समुद्रसपाटीपासून साधारण ४ ते ४.५ किलोमीटरवर, तर पावसाळ्यात साधारण ५ ते ५.५ किलोमीटरवर असते.

उदाहरणादाखल बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यातील रोहिणखेडवरील आकाशाचा विचार करता येईल. मे महिन्याच्या दुपारी तेथील जमिनीवर पारा चाळिशीच्या वर असतो. कोरडी तापलेली हवा वर चढताना दर किलोमीटरला जवळजवळ १० अंशांनी थंडावते. त्यामुळे अशा दिवशीही पाच किलोमीटरच्या आसपास तापमान शून्यावर येते. तेव्हा तेथे ढग नसल्यास विमानास बर्फाचे भय नसते. परंतु त्याच दुपारी वळवाचा गर्जन्मेघ उभा राहिला तर त्याचा वरचा भाग या पातळीच्या कितीतरी वर जातो आणि त्याच्या ऊर्ध्व प्रवाहात अतिशीतित पाणी भरलेले असते. रोहिणखेडच्या शिवारात उन्हाने अंग भाजत असताना माथ्यावर पाच किलोमीटर अंतरावर बर्फ तयार होत असतो, यात कोणतीही विसंगती नाही.

मुंबई आणि नागपूर यांना जोडणारी सरळ रेषा बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिण भागावरून जाते. या दिशेने जाणारी मोठी जेट विमाने १० ते १२ किलोमीटर उंचीवरून उडतात. तेथील तापमान उणे ३० अंशांहूनही कमी असते आणि बहुतेक ढग बर्फाच्या स्फटिकांचे असतात. पावसाळ्यात अतिशीतित पाण्याचा मुख्य पट्टा, म्हणजे ० ते उणे २० अंशांचा थर, सुमारे १७,००० ते २८,००० फुटांदरम्यान असतो. मिनिटाला २,००० फूट चढणारे जेट विमान तो पाच-सहा मिनिटांत ओलांडते. पंखा-इंजिनाच्या एटीआर ७२ सारख्या विमानांची गोष्ट वेगळी आहे. भारतात प्रादेशिक मार्गांवर वापरल्या जाणाऱ्या या विमानाची कमाल उंची २५,००० फूट आहे. त्यामुळे पावसाळी ढगांत त्याचा प्रवास या पट्ट्याच्या आतूनच होण्याचा संभव असतो. वेगाचाही यात वाटा आहे. हवा दाबली गेल्यामुळे ताशी ३६० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या विमानाची पुढची कड सुमारे ५ अंशांनी तापते, तर ताशी ९०० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या विमानाची सुमारे ३० अंशांनी. मंद गतीच्या विमानास हे संरक्षण जवळजवळ मिळत नाही.

सह्याद्रीवरील पावसाळी ढगांचा खालचा भाग मात्र या दृष्टीने निरुपद्रवी असतो. महाबळेश्वर येथे पावसाळ्यात गावावरच उतरणाऱ्या ढगांचे तापमान शून्याच्या बरेच वर असते. ढग आहे म्हणून बर्फ असेलच असे नाही, याचे ते परिचित उदाहरण होय.

पूर्वानुमान

बर्फसंचयाचे पूर्वानुमान दोन प्रश्नांच्या उत्तरांवर आधारलेले असते. तापमान ० ते उणे २० अंशांच्या दरम्यान कोठे आहे, आणि तेथे द्रवरूप पाणी आहे काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अचूकतेने देता येते. खरी अडचण दुसऱ्या प्रश्नाची आहे.

भारतीय हवामान विभागाच्या मुंबई, नागपूर इत्यादी केंद्रांतून फुग्याला बांधलेले रेडिओसाँड हे उपकरण आकाशात सोडले जाते. त्याच्या आंतरराष्ट्रीय वेळा भारतीय प्रमाणवेळेनुसार पहाटे ५.३० व सायंकाळी ५.३० या आहेत. ते वर जाताना तापमान, आर्द्रता व दाब यांची नोंद पाठवीत राहते. तापमान आणि दवबिंदू यांतील अंतर अल्प असलेला थर ढगाळ असण्याची शक्यता मोठी असते. यासाठी पूर्वानुमानकर्ते एक जुना ठोकताळा वापरीत आले आहेत. तापमान व दवबिंदू यांतील फरकास उणे ८ ने गुणावे. येणाऱ्या संख्येपेक्षा तापमान कमी असल्यास त्या थरातील हवा बर्फाच्या दृष्टीने अतिसंपृक्त असते आणि बर्फसंचय संभवतो. समजा तापमान उणे १० व दवबिंदू उणे ११ आहे. फरक १, गुणाकार उणे ८. तापमान त्याहून कमी असल्याने धोका संभवतो. दवबिंदू उणे १२ असता तर गुणाकार उणे १६ आला असता आणि तो थर तुलनेने सुरक्षित मानला गेला असता.

उपग्रहांचा उपयोग ढगमाथ्याचे तापमान जाणण्यासाठी होतो. इन्सॅट-३डीआर (२०१६) आणि इन्सॅट-३डीएस (२०२४) या भारतीय उपग्रहांची अवरक्त छायाचित्रे त्यासाठी उपलब्ध असतात. पसरट स्तरमेघाचा माथा उणे १२ ते उणे १५ अंशांहून उबदार असल्यास त्यात अतिशीतित थेंब टिकून असण्याची शक्यता अधिक असते. माथा बराच थंड असल्यास तेथे निर्माण झालेले बर्फाचे स्फटिक खाली येताना थेंबांचे पाणी शोषून वाढतात आणि ढगातील द्रवरूप पाणी घटते. जोरदार ऊर्ध्व प्रवाहाच्या गर्जन्मेघास हा नियम लागू पडत नाही, कारण तेथे खालून नव्या पाण्याचा पुरवठा अखंड चालू असतो.

जागतिक पातळीवर लंडन आणि वॉशिंग्टन येथील दोन क्षेत्रीय पूर्वानुमान केंद्रे संगणकीय प्रतिकृतींच्या आधारे बर्फसंचय, खळबळ व गर्जन्मेघ यांचे पूर्वानुमान सर्व देशांना पुरवितात. भारतात मुंबई, दिल्ली, कोलकाता व चेन्नई येथील हवामान निरीक्षण कार्यालये आपापल्या उड्डाण माहिती क्षेत्रासाठी 'सिग्मेट' नावाचा इशारा प्रसिद्ध करतात. नागपूर व पर्यायाने विदर्भाचे आकाश मुंबईच्या क्षेत्रात येते. तीव्र बर्फसंचय किंवा व्यापक गडगडाटी वादळे अपेक्षित असल्यास असा इशारा दिला जातो आणि त्याची मुदत सामान्यतः चार तासांपर्यंत असते.

वैमानिकांनी उड्डाणादरम्यान कळविलेली निरीक्षणे हा पूर्वानुमानाचा सर्वांत विश्वसनीय आधार आहे. मात्र एकच ढग लहान विमानास तीव्र आणि मोठ्या विमानास सौम्य वाटू शकतो. म्हणून अशा निवेदनात विमानाचा प्रकार, उंची व तापमान सांगणे आवश्यक असते. ढगातून जाऊनही बर्फ आढळला नाही, हे कळविणेही तितकेच मोलाचे असते.

टाळण्याचे व निवारणाचे उपाय

उड्डाणापूर्वी गोठणपातळी, ढगांचा तळ व माथा आणि मार्गावरील इशारे पाहून उंची व मार्ग निवडणे ही पहिली पायरी होय. उड्डाणात हवेचे मोजलेले एकूण तापमान १० अंश किंवा त्याहून कमी असून ढग, धुके वा पाऊस यांसारखी दृश्य आर्द्रता असल्यास अनेक जेट विमानांत इंजिनाची बर्फरोधक यंत्रणा सुरू करण्याचा दंडक आहे. येथे मर्यादा शून्याऐवजी १० अंश ठेवण्यास कारण आहे. इंजिनाच्या मुखातून हवा वेगाने आत ओढली जाताना ती प्रसरण पावून थंड होते.

संरक्षक यंत्रणा मुख्यत्वे चार प्रकारच्या असतात. मोठ्या जेट विमानांत इंजिनातील तप्त हवा पंखाच्या पुढच्या कडेत खेळवितात. पंखा-इंजिनाच्या अनेक विमानांत त्या कडेवर रबरी फुगे बसविलेले असतात. ते ठरावीक काळाने फुगून साचलेला बर्फ फोडतात. काही विमानांत विजेने तापणारे पत्रे असतात, तर काहींत पंखाच्या सूक्ष्म छिद्रांतून गोठणरोधक द्रव पाझरतो. पिटो नळी विजेने तापविली जाते. बारामती, शिरपूर, गोंदिया यांसारख्या ठिकाणच्या प्रशिक्षण संस्थांत वापरल्या जाणाऱ्या लहान एक-इंजिनी विमानांत पंखांसाठी सामान्यतः अशी कोणतीही सोय नसते. त्यांना ज्ञात बर्फसंचयात शिरण्याची परवानगीच नसते.

बर्फसंचयासाठी प्रमाणित असलेले विमान त्यात अमर्याद काळ राहू शकते, असा प्रमाणपत्राचा अर्थ नाही. प्रमाणीकरणाची जुनी मानके सुमारे ५० मायक्रोमीटरपर्यंतच्या थेंबांसाठी होती. त्याहून मोठ्या थेंबांसाठीचे नियम अमेरिकेत २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. बाजूच्या खिडकीच्या काचेवर पाणी ओघळत जाऊन गोठणे, किंवा फुग्यांच्या मागे बर्फाची कड दिसणे, ही मोठ्या थेंबांची लक्षणे समजतात. ती दिसताच तेथून बाहेर पडणे हाच उपाय उरतो.

सुटकेच्या वाटा

बर्फसंचयातून बाहेर पडण्याचे मार्ग तीन : खाली उतरून उबदार हवेत जाणे, वर चढून ढगाबाहेर किंवा अधिक थंड हवेत जाणे, आणि मागे वळणे वा बाजूला सरकणे. यांपैकी कोणता मार्ग मोकळा आहे हे त्या प्रदेशाच्या भूरचनेवर अवलंबून असते.

महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे आणि गोठणपातळी हिवाळ्यातही सहसा ४,००० मीटरच्या खाली येत नाही. म्हणजे सर्वोच्च डोंगरमाथा आणि गोठणपातळी यांच्यात दोन किलोमीटरहून अधिक उबदार हवा असते. स्तरमेघात बर्फ साचू लागल्यास वाहतूक नियंत्रकाची अनुमती घेऊन खाली उतरणे हा येथे भरवशाचा मार्ग ठरतो. वाढत्या गर्जन्मेघाच्या बाबतीत मात्र खाली उतरून त्याच्या पोटाखाली जाणे घातक असते. तेथे गारा, खळबळ आणि अधोमुख वारे असतात. त्यास दुरून वळसा घालणे हाच मार्ग होय.

हिमालयात हे समीकरण उलटे होते. लेहचा विमानतळच ३,२५६ मीटर उंचीवर आहे आणि भोवतालची शिखरे पाच-सहा किलोमीटरहून उंच आहेत. हिवाळ्यात गोठणपातळी डोंगरमाथ्यांच्या खाली असते. त्यामुळे उबदार हवेत उतरण्यास जागाच नसते. दुसऱ्या महायुद्धात १९४२ ते १९४५ या काळात आसामातून चीनमधील कुन्मिंगकडे रसद नेणाऱ्या 'हंप' मार्गावर तीव्र बर्फसंचय हा वैमानिकांच्या प्रमुख शत्रूंपैकी एक होता.

बर्फाच्या स्फटिकांचा धोका

उष्ण कटिबंधातील उंच गर्जन्मेघांच्या माथ्याजवळ बर्फाचे अतिसूक्ष्म स्फटिक मोठ्या प्रमाणात पसरलेले असतात. ते थंड पंखावर चिकटत नाहीत. परंतु जेट इंजिनाच्या तप्त अंतर्भागात ते अंशतः वितळून पुन्हा गोठतात आणि इंजिनाची शक्ती घटवू शकतात. विमानातील रडार मुख्यतः पावसाचे थेंब टिपते. तितक्याच आकाराच्या स्फटिकाचा प्रतिध्वनी थेंबाच्या मानाने सुमारे पाचपट क्षीण असतो. म्हणून रडारचा पडदा रिकामा असणे ही सुरक्षिततेची हमी ठरत नाही. नोव्हेंबर २०१३ मध्ये विशिष्ट इंजिने असलेल्या बोइंग ७८७ व ७४७-८ विमानांना अशा वादळांपासून ५० सागरी मैल दूर राहण्याचा आदेश अमेरिकी नियामकाने दिला. त्या वेळी जपान एअरलाइन्सने आपल्या टोकियो–दिल्ली मार्गावरून ७८७ विमाने काढून घेतली होती.

कार्ब्युरेटरमधील बर्फ

लहान पिस्टन इंजिनांत बर्फसंचयाचा आणखी एक प्रकार घडतो आणि त्यास शून्याखालील हवेची गरज नसते. कार्ब्युरेटरमध्ये इंधनाचे बाष्पीभवन होताना व हवा अरुंद मार्गातून जाताना तापमान २० अंशांहूनही अधिक घटू शकते. त्यामुळे बाहेर २५ अंश तापमान आणि भरपूर दमटपणा असतानाही आत बर्फ धरतो व इंजिनाची शक्ती कमी होते. महाराष्ट्रातील पावसाळी सकाळ या दृष्टीने अगदी अनुकूल असते. कार्ब्युरेटरला तप्त हवा पुरविणारी कळ ओढणे हा त्यावरील उपाय आहे. तप्त हवा सुरू करताच वितळलेले पाणी इंजिनात जाऊन ते क्षणभर अधिकच खडखडू शकते. अशा वेळी घाबरून कळ परत ढकलू नये, हे प्रशिक्षणार्थींना आवर्जून शिकविले जाते.

प्रमुख अपघात

३१ ऑक्टोबर १९९४ रोजी अमेरिकेतील रोझलॉन येथे एटीआर ७२ विमान कोसळून ६८ जण मृत्युमुखी पडले. उतरण्याची वाट पाहत घिरट्या घालताना मोठ्या अतिशीतित थेंबांमुळे रबरी फुग्यांच्या मागे बर्फाची कड तयार झाली होती. मोठ्या थेंबांविषयीच्या संशोधनास व नव्या नियमांस या अपघातामुळे चालना मिळाली. ९ जानेवारी १९९७ रोजी मन्रो येथे एम्ब्रेअर १२० विमानाच्या अपघातात २९ जणांचा मृत्यू झाला. पंखांवरील पातळ खरबरीत बर्फ आणि कमी वेग ही त्याची कारणे होती. १ जून २००९ रोजी एअर फ्रान्सचे ४४७ क्रमांकाचे विमान अटलांटिक महासागरात कोसळले आणि २२८ जणांचा अंत झाला. बर्फाच्या स्फटिकांनी पिटो नळ्या काही काळ बंद पडल्या होत्या, आणि त्यानंतर विमानावरील ताबा सुटला. ९ ऑगस्ट २०२४ रोजी ब्राझीलमधील विन्येदो येथे एटीआर ७२ कोसळून ६२ जण मृत्युमुखी पडले. ते १७,००० फुटांवरून जात होते आणि प्राथमिक अहवालात बर्फसंचयाच्या परिस्थितीची नोंद आहे. विन्येदो मकरवृत्ताच्या किंचित उत्तरेस, म्हणजे उष्ण कटिबंधातच आहे.

महाराष्ट्रातील संशोधन

पुण्यातील भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने २००९ पासून 'काइपीक्स' या प्रकल्पात उपकरणांनी सज्ज विमाने ढगांत नेऊन थेंब, स्फटिक व सूक्ष्मकण यांची मोजणी केली. २०१८ व २०१९ मध्ये या प्रकल्पाचे केंद्र सोलापूर होते. प्रकल्पाचा मुख्य हेतू मेघबीजन व पर्जन्य यांचा अभ्यास हा होता. परंतु भारतीय ढगांत पाणी द्रवरूपात किती उंचीपर्यंत टिकते, याची प्रत्यक्ष मापने बर्फसंचयाच्या अभ्यासासही उपयोगी पडतात. शून्याखालील ढगांत सिल्व्हर आयोडाइड टाकून केल्या जाणाऱ्या मेघबीजनासाठी अतिशीतित पाणीच हवे असते. दुष्काळी भागास पावसाची आशा देणारे आणि विमानास संकटात टाकणारे पाणी एकच आहे.

पूर्वानुमानाच्या मर्यादा

अतिशीतित पाण्याचे साठे काही किलोमीटर रुंद आणि काहीशे मीटर जाड असू शकतात, आणि ते काही मिनिटांत बदलतात. दिवसातून दोनदा सोडलेल्या फुग्यांच्या आणि संगणकीय प्रतिकृतींच्या जाळीतून ते सहज निसटतात. धोक्याचे क्षेत्र फार विस्तृत दाखविले तर वैमानिक इशाऱ्याकडे दुर्लक्ष करू लागतात आणि फार आखूड दाखविले तर एखादे विमान बेसावधपणे त्यात शिरते. म्हणून पूर्वानुमान हे बर्फ नक्की कोठे आहे याचे उत्तर नसून तो कोठे असू शकेल याचे अनुमान असते. त्यास खिडकीबाहेरील निरीक्षण, तापमापकाचा आकडा आणि आधीच ठरवून ठेवलेला परतीचा मार्ग यांची जोड द्यावी लागते. बर्फ दिसू लागल्यावर मार्ग शोधण्यापेक्षा ढगात शिरण्यापूर्वीच खालची उबदार हवा किती फुटांवर आहे हे वैमानिकास माहीत असणे, यावर अनेकदा उड्डाणाची सुरक्षितता अवलंबून असते.